फ्रेड डिबनाच्या डीव्हीडी: बॉयलर हाऊसमधल्या माणसाचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगून टाकतो. फ्रेड डिबना या चिमण्यांवर चढणाऱ्या इंग्लिश कारागिरावरच्या या डीव्हीडी इंग्लंडच्या आहेत म्हणजे रिजन 2 (डीव्हीडीला देशांप्रमाणे असे गट असतात), आणि आपल्याकडचे प्लेअर रिजन 5, त्यामुळं घरातला जुना प्लेअर बहुतेक ही डिस्क घेणार नाही. मल्टिरिजन प्लेअर असेल किंवा लॅपटॉपला ड्राइव्ह असेल तरच पैसे घालवा. मला पुतण्यानं मँचेस्टरहून आणून दिल्या, काका तुमच्याच लाइनीतला माणूस आहे बघा म्हणून. मी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे, गळीत हंगाम सुरू झाला की घरी नुसतं झोपायला येतो, त्यामुळं या सगळ्या ऑफ सीझनमध्ये बघितल्या, दिवसभर ट्यूबा बदलून आल्यावर रात्री. बायको म्हणाली दिवसभर बॉयलर करून पोट भरत नाही का. नाही भरत.

आता माणूस कोण ते. फ्रेड डिबना, जन्म 1938, गाव बोल्टन, मँचेस्टरच्या वरच्या अंगाला. कापसाच्या सूतगिरण्यांचं गाव, ज्या सॅम्युअल क्रॉम्प्टननं 1779 साली सूत कातायचं म्यूल नावाचं यंत्र बनवलं तो पण तिथलाच. गिरण्या म्हटलं की इंजिन आलं, इंजिन आलं की बॉयलर आणि बॉयलर आला की चिमणी, आणि या चिमण्या विटांच्या, दोन-अडीचशे फूट उंच. त्यांच्यावर शिड्या लावून चढायचं, दर्जा म्हणजे विटांमधल्या फटी भरायच्या, फुटलेल्या विटा बदलायच्या, लोखंडी पट्टे आवळायचे, वीज जमिनीत उतरवणारा लायटनिंग अरेस्टर बसवायचा, हा फ्रेडचा धंदा. तिकडं त्याला स्टीपलजॅक म्हणतात. मूळचा गडी सुतारकाम शिकलेला, पण लहानपणापासून डोकं वरतीच. कोवळ्या वयात पैज लावून बॅरो ब्रिज म्हणून ठिकाण आहे तिथल्या 262 फुटी चिमणीच्या टोकाला दोन झेंडे बांधून आला, आणि पैज किती, तर 10 शिलिंग. गंमत म्हणजे पेपरवाल्यांनी छापलं की हे कॉलेजच्या पोरांचं काम असणार.

टीव्हीवर कसा आला तर 1978 साली बोल्टनच्या टाऊन हॉलच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर काम करत होता, बीबीसीच्या लोकल बातम्यांवाले कॅमेरा घेऊन वर गेले, आणि यानं तिथं उंचावर उभं राहून अशा काही गप्पा मारल्या की खाली लोकांना हाच आवडला. पुढच्या वर्षी डॉन हॉवर्थ नावाच्या माणसानं त्याच्यावर अख्खी डॉक्युमेंटरी केली, 'फ्रेड डिबना, स्टीपलजॅक', आणि तिला बाफ्टा मिळालं, म्हणजे तिकडचा सिनेमा-टीव्हीचा मोठा पुरस्कार. तेव्हापासून 2004 ला वारला तोपर्यंत हा टीव्हीवर होता, आणि शेवटपर्यंत तीच टोपी, तेच तेलकट जाकीट, तीच बोली.

माझं स्पष्ट मत, पहिली डॉक्युमेंटरी सगळ्यात भारी. त्याच्यात तो अँकर नाहीये, तो नुसता काम करतोय आणि कॅमेरा बघतोय. शिड्या कशा चढवतात ते बघा, मी तो भाग मागं घेऊन घेऊन बघितला. खालची शिडी उभी केली, तिच्यावर चढला, विटांच्या दर्जेत छिन्नी-हातोड्यानं भोक पाडलं, त्यात लाकडाची खुंटी ठोकली, खुंटीत लोखंडी अणकुचीदार हूक ठोकला (त्याला तिकडं डॉग म्हणतात), आणि शिडी त्या हुकाला दोरानं करकचून बांधली. मग पुढची शिडी कप्पीवरनं वर ओढायची, आणि तिला टेकू काय, तर खालची बांधलेली शिडी. ठोकायला दोन्ही हात लागतात, म्हणून एक पाय शिडीच्या पायरीतनं आत घालून अडकवायचा, झाला सेफ्टी बेल्ट. दुसरा कुठलाच बेल्ट नाही, हार्नेस नाही, काही नाही. आणि खरी तंतरते ती टोकाला, कारण जुन्या चिमण्यांना वर मुकुटासारखा बाहेर आलेला भाग असतो, तिथं शिडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि माणूस पाठ खाली करून उलटा लोंबकळत चढतो. फ्रेड तिथं पण बोलतोय. आमच्याकडं चिमणी आरसीसीची आहे, बाहेरनं पिंजऱ्याची शिडी आहे, तरी मी दोनदा विचार करतो.

आणि हा माणूस भीती लपवत नाही, हे मला फार आवडलं. मी शूर आहे असं कुठंच दाखवत नाही. वरती एक चूक झाली की अर्धा दिवस अंत्यविधीवाल्याबरोबर सहल, असं त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे, तिथल्या लोकांना पाठ आहे म्हणे. चेष्टेत बोलतो पण प्रत्येक दोर दोनदा ओढून बघतो. नवीन पोरांनी हे बघावं. उगाच धाडस करू नये म्हणून भाषण देणारे सेफ्टी ऑफिसर भरपूर मिळतात, पण हूक ठोकल्यावर हातोड्याचा आवाज बदलला का ते कान देऊन ऐकणारा माणूस स्क्रीनवर क्वचित दिसतो. (तो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, 2005 ला, इंग्लंडात उंचावरच्या कामाचे नवीन नियम आले. त्याच्या पद्धतीनं आज कुणी चढलं तर साइट बंद करतील, आणि बरोबरच आहे ते.)

आता चिमणी पाडण्याचं. लोक फ्रेडला जास्त याच्यासाठीच ओळखतात. सुरुंग नाही, डायनामाइट नाही. ज्या बाजूला पाडायची त्या बाजूच्या तळातल्या विटा थोड्या थोड्या काढायच्या आणि काढल्या काढल्या तिथं लाकडी टेकू भरायचे, वर-खाली पाचरी मारून, म्हणजे वजन टेकूवर आलं पाहिजे. असं करत करत साधारण अर्धा घेर कापला जातो, म्हणजे शेकडो टन वजन आता लाकडावर उभं. मग टेकूच्या भोवती भंगार लाकडाचा ढीग रचायचा, टायर टाकायचे आणि पेटवायचं. इथं एक गोष्ट माझ्यासारख्याला लगेच कळते ती म्हणजे ड्राफ्ट. चिमणीला काही मेल्याचं कळत नाही, तळाला जाळ लागला की ती आयुष्यभर जे करत आली तेच करते, हवा ओढते, आणि आग भट्टीसारखी भडकते. स्वतःची चिता स्वतःच फुंकते म्हणा ना. टेकू जळले की ती हळूच कलायला लागते, मागच्या बाजूला तडा उघडतो, फ्रेड तिथं जवळच उभा राहून तो तडा बघत असतो, कान लावून लाकडाचं कडकडणं ऐकत असतो, आणि मग भोंगा वाजवत पळत सुटतो. धूळ खाली बसायच्या आत वळून कॅमेऱ्याकडं बघून विचारतो, आवडलं का?

90 च्या आसपास चिमण्या पाडल्या त्यानं अशा. पण जिथं आजूबाजूला घरं आहेत, पाडायला जागाच नाही, तिथं वरनं एक एक वीट हातानं काढून चिमणीच्या पोटातच टाकायची, आणि खालच्या दारातनं ढीग उपसायचा. हे काम महिनोनमहिने चालतं, वारा सुटला की बंद, पाऊस आला की बंद. टीव्हीवाल्यांना पडणारी चिमणी हवी असते, पण मला ते वीट वीट काढणं जास्त बघावंसं वाटलं. पहाटे घरातनं निघाला, वर चढला, दिवसभर विटा काढल्या आणि संध्याकाळी खालनं बघितलं तर चिमणी तेवढीच दिसते.

आणि हा माणूस चिमण्यांवर जीव लावणारा. कुठली कुणी बांधली, विटा कुठल्या भट्टीतल्या, मुकुट किती टनाचा, सगळं तोंडपाठ. जे आवडतं तेच पाडायचं पोटासाठी. गिरण्या बंद पडत गेल्या, दुरुस्तीची कामं संपत आली, राहिलं पाडायचं. तो याच्यावर रडत बसत नाही, एखादं वाक्य टाकतो आणि परत छिन्नी उचलतो. परळ-लालबागला ज्यांनी भोंगे ऐकलेत त्यांना हा भाग बघताना जड जाईल. आपल्या गिरणगावाचं आणि बोल्टनचं तसं जुनं नातं आहे, 1854 ला कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली तेव्हापासून यंत्रं यायची ती लँकेशायरकडनंच, म्हणजे बोल्टनच्याच मुलखातनं. तिकडच्या गिरण्या स्पर्धेत मेल्या, आपल्या 1982 च्या संपानंतर गेल्या, आणि आता टॉवरच्या मधे एखादी चिमणी उभी दिसते, खाली पार्किंग. आपल्याकडं कुणी फ्रेडसारखा माणूस होता का, त्या चिमण्यांवर चढणारा? असणारच, कुणीतरी चढतच असणार की, पण त्याच्यामागं कॅमेरा घेऊन कोण गेलं नाही.

वाफेचं बोलू आता, माझा आवडता विषय. फ्रेडनं स्वतःसाठी एक भंगारातला रोड रोलर घेतला होता, वाफेवरचा, एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीचा, आणि 14 वर्षं खपून तो चालता केला. घराच्या मागं परसात त्याचं वर्कशॉप, तिथल्या लेथ, ड्रिल सगळं एका वाफेच्या इंजिनवर, वरती लाइन शाफ्ट म्हणजे छताखाली फिरणारा लांब दांडा आणि त्याच्यावरनं खाली पट्टे. हे बघून मी उठून उभा राहिलो. पट्टा एका पुलीवरनं दुसऱ्या पुलीवर काठीनं सरकवतो तेव्हा चटकन आवाज येतो आणि मशीन फिरायला लागतं, कुठं बटन नाही, स्टार्टर नाही. आमच्या गावच्या जुन्या गूळ-तेल घाण्यांच्या शेडमध्ये असले शाफ्ट मी लहानपणी बघितलेत, ऑइल इंजिनवर चालायचे.

रिव्हेटिंगचा भाग चुकवू नका. आजकाल बॉयलरला सगळं वेल्डिंग, एक्सरे काढा, आयबीआरच्या (बॉयलरच्या सरकारी नियमांच्या) साहेबाला दाखवा, सही घ्या. याच्याकडं रिव्हेट म्हणजे प्लेटा जोडायचा जाड लोखंडी खिळा लालभडक करून भोकात घालायचा, आतनं एकानं जड ठोकळा दाबून धरायचा, बाहेरनं दुसऱ्यानं हाणायचा, आणि हे सगळं रिव्हेट लाल आहे तोवर. गार होताना तो आखडतो आणि दोन प्लेटा एकमेकीवर असा आवळतो की वाफ बाहेर येत नाही. साध्या नट-बोल्टला हे सहजासहजी जमणार नाही. फ्रेड हे समजावताना हातवारे करतो ते बघा, मास्तरसारखं नाही, शेजारच्या मिस्त्रीसारखं, आणि मधेच विषय सोडून कुठल्यातरी म्हाताऱ्या रिव्हेटरची गोष्ट सांगायला लागतो जो कायमचा बहिरा झाला होता. त्या काळच्या बॉयलरमेकर लोकांना ऐकू न येणं ठरलेलंच.

त्या रोलरला त्यानं बायकोचं नाव दिलं होतं, अॅलिसन. पाटी लावलेली. वर्षभर चिमण्या, सुट्टी मिळाली की रोलर काढून सगळ्या कुटुंबाला मागच्या डब्यात बसवून वाफेच्या इंजिनांच्या जत्रेला, ताशी चार-पाच मैलानं, पोरींच्या तोंडावर कोळशाची काजळी. बघायला भारी वाटतं पण बाईच्या चेहऱ्याकडं लक्ष द्या. 80 च्या दशकाच्या मधे ती सोडून गेली. रोलर राहिला. पुढं अजून दोन लग्नं केली त्यानं. मला हे डीव्हीडीत दिसतं म्हणून लिहितोय, कुणाच्या घरात डोकवायची हौस नाही, पण फ्रेडचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. माणूस छंदासाठी जगला म्हणतो आपण, तेव्हा घरात कुणीतरी जेवण गरम करत बसलेलं असतं. आमच्याकडं हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं तर मला रात्री आमटी गारच मिळेल.

नंतरच्या सिरीज म्हणजे 'इंडस्ट्रियल एज' (1999) पासून पुढच्या. यात फ्रेड गाइड झालाय, बीबीसीनं त्याला देशभर फिरवलंय, खाणी, गिरण्या, पूल, कारखाने. माहिती भरपूर आहे पण मधे मधे वाटतं की गड्याला दुसऱ्याचं वाक्य बोलायला लावलंय, अशा वेळी तो जरा आखडतो. मग कुठंतरी एखादं जुनं इंजिन दिसतं, हात लावतो, ऑइल कपचं झाकण उघडून बघतो, आणि परत आपला फ्रेड. 'एज ऑफ स्टीम' (2003) त्यातली माझ्यासारख्यांसाठी सगळ्यात चांगली. 1712 ला न्यूकोमेननं डडलीजवळच्या खाणीत पाणी उपसायला इंजिन बसवलं, त्यात सिलिंडरमध्येच गार पाणी मारून वाफेचं पाणी करायचे म्हणजे प्रत्येक फेरीला सिलिंडर गार, परत गरम, कोळसा खायचा किती, आणि मग वॉटनं 1769 ला वेगळ्या कंडेन्सरचं, म्हणजे वाफ सिलिंडरच्या बाहेर गार करायच्या भांड्याचं, पेटंट घेतलं. शाळेत आपल्याला किटलीचं झाकण उडालं आणि वॉटला इंजिन सुचलं एवढंच शिकवलं. तुम्ही टर्बाइनच्या खाली कंडेन्सरचा व्हॅक्यूम सांभाळत असाल तर हे बघताना अंगावर काटा येईल, आपण अजून तेच करतोय.

तक्रार पण आहे. व्हिक्टोरियन काळ म्हणजे सगळं सोन्याचं, मोठे इंजिनिअर, मोठे पूल, हा सूर सारखा लागतो. कामगारांचे हाल, बोटं तुटलेली पोरं, धूर, हे तो बोलतो, नाही असं नाही, कामगाराबद्दल त्याला मनापासून आदर आहे. पण एवढा माल विकत कोण घेत होतं, तिकडचं कापड आलं म्हणून आपल्याकडचे माग कुणाचे बंद पडले, हे मला तरी फार कमी जाणवलं. त्याच्याकडनं इतिहासाच्या प्रोफेसरची अपेक्षा करणं चूक आहे हे मान्य, पण सिरीज करणाऱ्यांना हरकत नव्हती.

'मेड इन ब्रिटन' मात्र वेगळीच. 12 भाग. रोलरशिवाय त्यानं अजून एक इंजिन जोडलं होतं, 1912 चं ट्रॅक्शन इंजिन, म्हणजे वाफेचा ट्रॅक्टरच समजा, त्याच्यावर 27 वर्षं काम केलं. ते पूर्ण झालं आणि त्याच्यावर बसून तो देशभर निघाला, जिथं जिथं अजून हातानं ओतकाम, लोहारकाम, साखळ्या, दोर, बॉयलर बनवतात तिथं. तेव्हा त्याला कॅन्सर झाला होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. चेहरा उतरलेला, जाकीट अंगावर लोंबतंय, मित्र इंजिन चालवताना मधे मधे हळूच त्याच्याकडं बघतात. कुठं पण रडकं म्युझिक लावलं नाही याबद्दल करणाऱ्यांना सलाम. फाउंड्रीत गेला की तोच, मोल्डमध्ये धातू ओतताना पोरासारखं तोंड उघडं.

त्याच फेरीत 7 जुलै 2004 ला बकिंगहॅम राजवाड्यावर एमबीई हा राणीकडचा किताब घ्यायला गेला, तो पण त्याच इंजिनावर. लंडनच्या रस्त्यावर एवढं जड धूड आणायला आधी परवानगीची काचकूच झाली, शेवटी राजवाड्याजवळच्या वेलिंग्टन बॅरॅक्समध्ये उभं करायला दिलं. 6 नोव्हेंबरला गेला, 66 वय. अंत्ययात्रेत शवपेटी त्याच ट्रॅक्शन इंजिनामागं, वर त्याची टोपी, आणि बोल्टनच्या रस्त्यावर दुतर्फा माणसं. सिरीज लागली 2005 ला, तोपर्यंत तो नव्हता. बोल्टनमध्ये आता त्याचा पुतळा आहे, शेजारी गिरणीचं वाफेचं इंजिन ठेवलंय, हिक हारग्रीव्हज या बोल्टनच्याच कंपनीनं 1886 ला बनवलेलं. पुतण्याला सांगितलंय फोटो काढून पाठव म्हणून, अजून वेळ मिळालेला नाही साहेबांना.

भाषेचं सांगतो. बोली लँकेशायरची आहे, आपण शाळेत शिकलेलं इंग्रजी इथं फार उपयोगाचं नाही, पहिली पंधरा मिनिटं मला नुसता हातोडा कळत होता. डब्यावर सबटायटल्स लिहिलेत का ते बघूनच घ्या. पण खरं सांगू, ज्यानं कधी पाना धरलाय त्याला अर्धं न ऐकता कळतं. आमच्या शिफ्टचा फायरमन, इंग्रजीचं नाव काढलं की पळतो, तो पूर्ण डॉक्युमेंटरी बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, त्या माणसानं दुसऱ्या शिडीचा दोर उलटा का बांधला ओ? मी परत लावून बघितलं, खरंच उलटा बांधलाय, कारण पुढची शिडी त्याच बाजूनं ओढायची असते.

घ्यायचं असेल तर जुनी डॉक्युमेंटरी आणि 'मेड इन ब्रिटन' घ्या, बॉयलर-टर्बाइनवाले असाल तर 'एज ऑफ स्टीम' पण. किल्ले आणि चर्चवाली 'मॅग्निफिसंट मॉन्युमेंट्स' मी पुतण्याला परत आणू नको म्हणून सांगितलंय, त्याच्यात फ्रेडच्या हातात हातोडाच नाही.